नखं दाखवा

बसा. दारात उभे आहेत त्यांनीही आत या, सतरंजीवर जागा आहे. गणवेशाचे पैसे, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज यांचं शेवटी सांगते. आजची पालकसभा मी जंतांसाठी बोलावली आहे. सरपंच आहेत, शाळा व्यवस्थापन समिती आहे, अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई आहेत, माझे शिक्षक आहेत. सगळे एका छपराखाली आहात ते बरंच झालं. आज जे बोलणार आहे त्यातलं प्रत्येकाच्या वाटणीला काही ना काही येणार आहे.

परवा ऑगस्टची फेरी झाली. हजर असलेल्या प्रत्येक पोरानं अल्बेंडाझोलची गोळी चावून खाल्ली. फोटो गेले, आकडे गेले, तालुक्याहून शाबासकीचा निरोपही आला. त्याच दुपारी खिचडीच्या रांगेत मी उभी राहिले आणि एकेकाला म्हटलं, नखं दाखव.

तिसरीतल्या एका पोरानं हात पुढं केला. उजव्या हाताच्या पाचही नखांत ओली काळी माती. अंगठ्याचं नख दातानं कुरतडून कुरतडून निम्मं झालेलं, कडेला रक्त साकळलेलं. मी काही बोलायच्या आत त्यानं त्याच हातानं घास उचलला. त्याच्या मागच्या मुलीच्या दुसऱ्या हातात पेरू होता, कुंपणाखाली पडलेला, फ्रॉकला पुसलेला आणि अर्धा खाल्लेला. तासाभरापूर्वी या दोघांनी माझ्यासमोर गोळी खाल्ली होती. औषध पोटात गेलं आणि त्याच्यामागून लगेच जंतांची अंडी जायला वाट मोकळी. शाबासकी कशाची घ्यायची मग?

ही गोळी काय करते ते नीट ऐका, कारण इथल्या निम्म्या घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. ज्या दिवशी गोळी खाल्ली त्या दिवशी आतड्यात जे जंत आहेत त्यांच्यावर ती चालते. दुसऱ्या दिवशी नखातून गिळलेल्या अंड्याचं ती काही करत नाही. ते अंडं आतड्यात फुटतं, त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशाशी येते आणि पुन्हा गिळली जाते. मग आतड्यात बसून ती वीतभर, फूटभर वाढते. हे सगळं व्हायला दोन-तीन महिने पुरतात. फेब्रुवारीची फेरी आणि ऑगस्टची फेरी यांच्यात सहा महिने असतात. म्हणजे आज गोळी खाऊन उद्या अंडी गिळणारं पोर दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जंतांनी भरलेलं असेल, आणि तुम्ही म्हणाल की सरकारी गोळीत दम नाही. गोळीत दम आहे. 2015 साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला तेव्हा पहिल्या फेरीतल्या अकरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत आपला महाराष्ट्र होता. एक ते एकोणीस वयाच्या लेकरांना वर्षातून दोनदा ती फुकट मिळते. दम आपल्यात नाही. गोळी वर्षातले दोन दिवस सांभाळते. राहिलेले तीनशे त्रेसष्ट दिवस सांभाळायचे कुणी?

आता गोड खाल्ल्यानं जंत होतात, हे एकदाचं डोक्यातून काढा. गुळाच्या खड्यानं जंत होत नाहीत, साखरेनं होत नाहीत, केळ्यानं होत नाहीत. रात्री दात खाल्ले म्हणजे पोटात जंत, हेही खरं धरून चालू नका. जंत एकाच गोष्टीनं होतात. कुणाच्या तरी पोटातून बाहेर पडलेली विष्ठा माती, पाणी, भाजी, हात, माशी अशा वाटेनं तुमच्या लेकराच्या तोंडात किंवा पायाच्या कातडीतून आत जाते. ऐकायला घाण वाटतं? वाटायलाच हवं. मी यापेक्षा सभ्य शब्दांत सांगणार नाही, कारण सभ्य शब्दांत सांगून सांगून आपण इथपर्यंत आलो आहोत.

गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ओढ्याच्या काठी एक माणूस बसून उठला की त्या मातीत काय पडलं याचा हिशेब तुम्हीच करा. आणि ही अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत. ओल, ऊब आणि सावली मिळाली तर मातीत दोन-तीन आठवडे पिकतात, मग बाधतात. म्हणून तुम्हाला संबंध कळत नाही. घाण पोळ्याला पडते आणि लेकरू नवरात्रात गिळतं. तोवर पावसानं वरचं सगळं धुऊन नेलेलं असतं, जागा स्वच्छ दिसते, पोरं तिथंच गोट्या खेळतात. अंडी मात्र तिथंच असतात. चांगली जागा मिळाली तर वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतात.

शिक्षकांनो, आधी तुमच्याशी बोलते. चारचौघांत बोलते आहे याचा राग आला तर येऊ द्या.

वर्गाबाहेरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या रंगवलेल्या आहेत. चित्रं चांगली आहेत. पोरं त्या पायऱ्या चालीवर म्हणतात, पाहुणे आले की टाळ्या मिळतात. दरवर्षी 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन येतो, त्या दिवशी टेबलावर नवा साबण येतो, नवा टॉवेल येतो. 16 तारखेला दोन्ही कपाटात जातात. भिंतीपासून वीस पावलांवर नळ आहे, तो कोरडा आहे. पोरांना हात धुण्याचं गाणं येतं, हात धुणं येत नाही. हे शिकवणं झालं का? पाढे असे शिकवता का तुम्ही? दोनचा पाढा एकदा म्हणून घेतला, फोटो काढला, संपलं, असं करता? तिथं रोज म्हणवून घेता, चुकलं की थांबवता, पुन्हा म्हणायला लावता. हाताचंही तसंच आहे. रोज, खिचडीच्या आधी आणि शौचाहून आल्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर. सवय लागेपर्यंत. पहिलीच्या पोराला ती लागायला वर्ष लागेल, लागू दे.

आणि ते मधलं घमेलं उद्यापासून बंद. एका घमेल्यात पाणी ओतायचं आणि पन्नास पोरांनी त्यात हात बुचकळायचे, याला हात धुणं म्हणत नाहीत. पहिल्याच्या बोटांचं शेवटच्याच्या बोटांना लागतं. साबण जंतांची अंडी मारत नाही, हे लक्षात घ्या. तो ती सोडवतो. चिकट अंडी कातडीवरून सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर जातात. त्यासाठी चोळणं हवं, नखांच्या खाली चोळणं हवं, आणि पाणी वरून पडायला हवं. करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली अजून काही वर्गांत आहे, ती फिरवून समाधान मानू नका. जंतांच्या अंड्यांवर ते चालत नाही.

पाणी नाही, हे कारण मला सांगू नका. मी याच तालुक्यातली आहे. पाथर्डीत पाणी नसतं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, मार्चनंतर टँकरमागं हंडा घेऊन मीही पळालेली आहे. पण एका पोराचे हात धुवायला पेलाभर पाणी पुरतं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, वरच्या भागात, झाकणाच्या खाली, तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडा, कॅन दोन खुंटांमधल्या आडव्या काठीला टांगा, गळ्याला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक जमिनीलगतच्या काठीला बांधा. पोरानं पायानं काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. नळाला हात लावायचा नाही, पाणी वाया नाही. शेजारी मोज्यात घालून साबण टांगा, म्हणजे चोरीला जात नाही आणि मातीत पडत नाही. साबण संपला तर चुलीची चाळलेली राख चालेल. माती चालणार नाही. आपल्या आज्या मातीनं हात घासायच्या, मला माहीत आहे, पण ज्या मातीत अंडी आहेत तीच हाताला चोळून हात स्वच्छ कसे होतील?

मी जूनमध्ये बदलून आले तेव्हा मुलींच्या शौचालयाला कुलूप होतं. का, म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, "पोरी घाण करतात, बाई." पोरी घाण करतात म्हणून कुलूप लावलं, आणि पोरी भिंतीमागं बाभळीत जायला लागल्या. ते कुलूप मी त्याच दिवशी काढलं. आता सातवीतल्या मोठ्या मुलींचा आणखी एक प्रकार कळला. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, जायला लागू नये म्हणून. ऐकताय ना, आयांनो? ही तुमच्या मुलींची गोष्ट आहे.

आता मुलींचंच सांगते. आकडेकृमी नावाचा एक जंत आहे. त्याला तोंडातून जावं लागत नाही. ओल्या सावलीच्या मातीत त्याच्या अळ्या असतात, अनवाणी पायाच्या कातडीतून त्या शिरतात. शिरताना पायाला खाज सुटते, आपण म्हणतो चिखल्या झाल्या. तो आतड्याला आकड्यांनी चावून धरतो आणि रक्त पितो. उसाच्या भिजलेल्या सरीत ओलही आहे आणि सावलीही आहे, आणि त्या सरीच्या बांधावर माणसं बसतात. आता मुलीला पाळी सुरू झाली, जेवायला घरात शेवटी बसायची सवय लागली, त्यात हे जंत. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा एकदा, पांढरी दिसेल. वर्गात ती झोपते. शिक्षक म्हणतात आळशी आहे. घरी म्हणतात कामाला कंटाळते. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी आपण देतो. पोटात आकडेकृमी ठेवून लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं आहे. दोन्ही गोळ्या हव्यात, आणि पायात चप्पल हवी. सणाला नवा ड्रेस नाही घेतला तरी चालेल, पावसाळ्याला चप्पल घ्या. शाळेत प्रार्थनेला चप्पल काढायला लावायची पद्धतही आजपासून बंद.

पालकांनो, आता तुमच्याकडे वळते. मी गावातून फिरले. कुणाच्या घरी गेले ते सांगणार नाही, ज्याला लागू पडेल त्यानं ओळखावं. संडास बांधलेले आहेत. बारा हजारांचं अनुदान घेतलं, दारात उभं राहून फोटो काढला. आत सरपण आहे. एकीकडे कोंबड्यांचं खुराडं आहे. एका ठिकाणी खताच्या गोण्या आहेत आणि वर बी-बियाण्याची पोती, कारण तेवढीच एक खोली गळत नाही. म्हातारा माणूस, तरणा माणूस, डबा घेऊन ओढ्याला. 2018 साली सगळा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. आपल्या वेशीवर पाटी लागली. पाटीच्या मागं जाऊन बघा आणि मग लेकराच्या पोटात जंत कुठून आले ते मला विचारा.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती सगळ्यांच्या घरी आहे. तान्ह्याची शी. लहान लेकराची शी म्हणजे काही घाण नसते, असं तुम्ही समजता. अंगणात बसवता, कागदानं किंवा पानानं उचलता, उकिरड्यावर टाकता. लंगोट चौकात धुता, पाणी मोरीवाटे गल्लीत. खरं तर गोल जंत सगळ्यांत जास्त लेकरांच्याच पोटात असतात. दोन-तीन वर्षांचं पोर मातीत खेळतं, सगळं तोंडात घालतं, त्याच्या पोटात जंत होतात आणि त्याची शी तुम्ही अंगणात ठेवता. अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी कुस्करून देतात ती याचसाठी. लेकराची शी संडासात टाकायची. संडास नसेल तर खोल पुरायची. त्यानंतर आईनं साबणानं हात धुवायचे आणि मगच पीठ मळायचं. हे मी तान्ह्या लेकरांच्या सगळ्या आयांना सांगते आहे, खाली बघू नका.

रात्री पोर ढुंगण खाजवतं, झोपेत रडतं, त्याला मारता. त्याच्या अंगात काही वारं नाही. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री बाहेर येऊन अंडी घालतात, त्यानं खाज सुटते. ते खाजवतं, अंडी नखात येतात, सकाळी तोंडात जातात. अंथरुणालाही लागतात. अशा घरात एकट्या पोराला औषध देऊन भागत नाही, डॉक्टरांना विचारून सगळ्या घराला द्यावं लागतं, पुन्हा दोन आठवड्यांनी द्यावं लागतं, आणि गोधड्या धुऊन उन्हात घालाव्या लागतात. उपकेंद्रात विचारा. लाजून घरी बसू नका.

वावडिंगाचा काढा तुम्ही पिढ्यान्पिढ्या देत आला आहात. त्यावर मी वाद घालत नाही. पण आमच्या घरचं औषध चालू आहे म्हणून शाळेतली गोळी नको, असा निरोप दोन घरांतून आला. ते चालणार नाही. आणि गोळी खाऊन पोट दुखलं, मळमळलं म्हणून अफवा उठवणाऱ्यांनीही ऐकावं. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला त्या दिवशी थोडी मळमळ, थोडी पोटदुखी होते आणि जाते. आजारी पोराला त्या दिवशी आम्ही देत नाही, मागाहून मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्यांच्या, दिवशी देतो. गोळी आमच्यासमोर चावून खायची असते, घरी पाठवायची नसते. घरी पाठवलेली गोळी उंदरांनी खाल्ली की पोरानं, हे कळायला मार्ग नाही. शिक्षकांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे.

सरपंच, तुमचा शिपाई मला म्हणाला, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं, क्लोरीनची ओटी टेस्ट बरोबर आली, आता पाण्याची चिंता नाही. टीसीएल टाकलंच पाहिजे, पटकीचे आणि हगवणीचे पुष्कळ जंतू त्यानं मरतात. पण जंतांची अंडी त्यानं मरत नाहीत. त्यांना अडवायचं असेल तर विष्ठा पाण्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. आपली जुनी विहीर ओढ्याला लागून आहे, पावसाळ्यात वरचं पाणी थेट आत उतरतं. तिला कठडा नाही. कठडा बांधा, वरचं पाणी वळवा. घरी पाणी उकळा. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मगच कच्चं खा.

पैसे नाहीत असं म्हणू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याच कामाला बांधलेली होती. त्यातलं काय झालं, हे ग्रामसभेत विचारायचा अधिकार इथं बसलेल्या प्रत्येक बाईला आहे. शाळेचं म्हणाल तर नियमानं तीसच्या वर शंभरापर्यंतच्या पटाला वर्षाचं 25,000 रुपये संयुक्त अनुदान, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेचा. म्हणजे 2,500 रुपये. त्यात वर्षभराचा साबण येतो, नखं कापायची यंत्रं येतात, कॅन, दोरी येते. उशिरा आलं तर तोवरचा साबण आम्ही शिक्षक आणू. त्यासाठी अनुदानाची वाट बघायची गरज नाही.

आपल्या जिल्ह्यात हे कुणी करून दाखवलं नाही, असं तरी म्हणू नका. याच जिल्ह्यातल्या पारनेरला 1880 साली जन्मलेले सेनापती बापट. विलायतेपर्यंत शिकायला गेलेला माणूस, परत आल्यावर पहाटे उठून गावचे रस्ते झाडत असे, शौचकूप साफ करत असे. तुमच्या पोरांना त्यांचं नाव इतिहासाच्या पेपरापुरतं ठाऊक आहे. हिवरे बाजार नगरपासून काही फार लांब नाही. दुष्काळी गाव होतं, आपल्यासारखंच. तिथल्या लोकांनी गावासाठी जी सूत्रं घालून घेतली त्यात नशाबंदी आहे, कुऱ्हाडबंदी आहे, आणि लोटाबंदी आहे. लोटाबंदी म्हणजे डबा घेऊन बाहेर जायचं नाही. गावानं ठरवलं आणि पाळलं. आपण तिथं सहली नेतो, बंधारे बघतो, आणि लोट्याचं विसरून परत येतो.

आणि जामखेड. तुमच्यातल्या कित्येकांची सोयरीक तिकडची आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले आणि त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षर येत नव्हतं. त्या बायका आठवड्याला जामखेडला जाऊन शिकायच्या, परत येऊन घरोघरी तेच सांगायच्या, पुन्हा पुढच्या आठवड्याला जायच्या. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात काय उकळून घ्यायचं, पाणी कसं ठेवायचं. एकदा सांगून सोडलं नाही, हे त्यांचं खरं काम. 1979 साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशाताई, तुमच्या कामाची मुळं तिथं आहेत. तुम्ही फक्त रजिस्टर भरायला आलेल्या नाही आहात.

दक्षिण कोरिया नावाचा देश आज मोटारी आणि फोन बनवतो. 1971 साली तिथल्या शंभरातल्या चौऱ्याऐंशी माणसांच्या पोटात जंत निघाले होते. त्यांनी 1966 साली कायदा केला होता, शाळांतून वर्षाला दोनदा प्रत्येक पोराची शौच तपासली, औषध दिलं, शेतात कच्ची विष्ठा घालायची पद्धत सुटली. 1997 साली शंभरात अडीचही उरले नाहीत. पंचवीस-सव्वीस वर्षांत. तिथली मातीही मातीच होती आणि पोरंही पोरंच होती. जगात आजही दीडशे कोटी माणसांच्या पोटात हे मातीतले जंत आहेत, म्हणून ते नशिबात असतात असं समजायचं कारण नाही.

आता शेवटचं, आणि हे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी. दिवाळी झाली की या सभेतली किती डोकी कारखान्यावर जातील ते मला माहीत आहे. कोप्या पडतात, पाणी मिळेल तिथलं, शौचाला उसाच्या कडेला, पोरं फडात. फेब्रुवारीत इथं गोळी वाटली जाते तेव्हा तुमची पोरं इथं नसतात. तिकडं कोणत्या शाळेत ती बसतात, बसतात की नाही, कुणी त्यांना गोळी देतं की नाही, कुणीच विचारत नाही. सगळ्यांत जास्त गरज असलेलं पोर फेरीतून सुटतं आणि इकडं आम्ही शंभर टक्के म्हणून कळवतो, कारण त्या दिवशी हजर असलेल्यांचे शंभर टक्के होतात. मला ते शंभर टक्के नकोत. घरात म्हातारी माणसं असतील तर पोरांना त्यांच्याजवळ ठेवा, मी पोरांचं जेवण आणि अभ्यास बघते, शब्द देते. नेणारच असाल तर जाण्याआधी शाळेत या. शिक्षण हमी पत्रक मिळेल, त्याच्या मागं मी गोळीची तारीख माझ्या हातानं लिहून सही करून देईन. तिकडं फेब्रुवारीत जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत ते दाखवा आणि गोळी मागा. ती मागायचा तुमच्या पोराला हक्क आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. बरोबर साबणाच्या दोन वड्या आणि पोरांच्या चपला न्या. मुकादमाकडून उचल घेता तेव्हा त्यातून एवढं बाजूला काढा.

शिक्षकांनो, उद्या प्रार्थनेआधी कॅन टांगलेला हवा. मुलींच्या शौचालयात बादली, मग आणि साबण रोज सकाळी कोण ठेवणार, त्याचं नाव आज संध्याकाळपर्यंत फळ्यावर लिहा. शनिवारी दप्तर नाही, शनिवारी नखं. पहिलीपासून सातवीपर्यंत, आणि शिक्षकांचीही. सरपंच, विहिरीच्या कठड्याचा विषय येत्या ग्रामसभेच्या पत्रिकेत पहिला घ्या, मी स्वतः येते. ज्यांच्या संडासात सरपण आहे त्यांनी रविवारी ते काढावं, सोमवारी आशाताई आणि मी फिरणार आहोत.

आता गणवेशाचे पैसे. बँक पासबुकाची झेरॉक्स ज्यांनी अजून दिली नाही, त्यांनी हात वर करा. आणि हात वर केलाच आहे तर नखंही बघून घेते.